मीटिंग रूमचं बुकिंग ऑफिसच्या कॅलेंडरवर कसं आणावं

शिरोली एमआयडीसीतल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात मी ऑफिसचं कामकाज बघते. आमच्याकडे मीटिंगच्या दोन खोल्या आहेत. त्यांचं बुकिंग वर्षानुवर्षं रिसेप्शनवरच्या रजिस्टरमध्ये व्हायचं. एकदा पुण्याहून ऑडिटसाठी आलेले ग्राहक वीस मिनिटं दाराबाहेर उभे राहिले, कारण आत परचेसवाल्यांची सप्लायरबरोबर दराची बोलणी चालली होती. रजिस्टरमध्ये त्या वेळेला दोघांचीही नावं होती, एक पेनानं लिहिलेलं, एक पेन्सिलीनं. घरी आलेल्या माणसाला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग बोलायचं अशी आपल्याकडची रीत. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं आणि त्याच आठवड्यात मी हे काम अंगावर घेतलं.

आमची मेल गुगल वर्कस्पेसवर (गुगलची ऑफिसांसाठीची, पैसे भरून घ्यायची मेल आणि कॅलेंडरची सेवा) आहे, म्हणून पायऱ्या त्याच्याच सांगते. आउटलुकवाल्यांसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या

कॅलेंडरमध्ये खोली म्हणजे जणू एक माणूसच. तिला स्वतःचा ईमेल पत्ता असतो, स्वतःची डायरी असते. तुम्ही मीटिंगला जसं प्रॉडक्शनच्या साहेबांना बोलावता, तसंच खोलीलाही बोलवायचं. ती आपली डायरी बघते आणि मोकळी असेल तर हो म्हणते, नसेल तर नाही म्हणते.

बहुतेक ऑफिसांत गाडी इथंच अडते. लोक मीटिंग बनवताना 'लोकेशन'च्या चौकटीत 'वरची मीटिंग रूम' असं टाइप करतात आणि निर्धास्त होतात. ती नुसती अक्षरं आहेत. खोलीला काही कळलेलं नसतं, तिची डायरी रिकामीच राहते आणि दुसरा कुणीतरी ती रीतसर घेतो. मग "कॅलेंडरवर टाकलं होतं की ओ मी!" म्हणून आवाज चढतो. आमच्याकडे पहिल्या महिन्यात जेवढे घोळ झाले, ते जवळजवळ सगळे या एका चौकटीमुळे.

पायरी १: नियम ठरवा

कॉम्प्युटर उघडण्याआधी सगळ्या विभागप्रमुखांना अर्धा तास एकत्र बसवा. किती दिवस आधी बुकिंग करता येईल? एका वेळी जास्तीत जास्त किती तास? ग्राहक अचानक आला तर कुणाची मीटिंग उठणार, आणि ते कोण सांगणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या नावासकट लिहून घ्या. भांडण झाल्यावर हे ठरवायला गेलं की ज्याचा आवाज मोठा त्याचीच खोली होते.

पायरी २: इमारत आणि खोली नोंदवा

ही पायरी फक्त अ‍ॅडमिनला, म्हणजे ऑफिसची गुगल खाती सांभाळणाऱ्या माणसालाच करता येते. अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये (त्याच्यासाठीच्या वेगळ्या साइटवर) 'डिरेक्टरी', मग 'बिल्डिंग्ज अँड रिसोर्सेस', मग 'मॅनेज रिसोर्सेस'. आधी इमारत जोडा आणि तिचे मजले लिहा. मग खोली जोडा: प्रकार मीटिंगची जागा, इमारत, मजला, नाव, किती माणसं बसतात, प्रोजेक्टर किंवा व्हिडिओ कॉलची सोय आहे का.

नाव छोटं ठेवा. लोकांना यादीत दिसणारं लांब नाव गुगल स्वतःच इमारत, मजला, नाव आणि आसनसंख्या जोडून तयार करतं. आम्ही बारा जणांच्या खोलीला 'पन्हाळा' आणि पाच जणांच्या खोलीला 'रंकाळा' ठेवलं. नाव कुठलंही ठेवा, पण दारावरच्या पाटीवर आणि कॅलेंडरवर तेच हवं.

आसनसंख्या खरी लिहा. ऐनवेळी कँटीनमधून चार खुर्च्या आणून बसतात, ती माणसं धरू नका.

जतन केल्यावर खोली लगेच दिसली नाही तर घाबरू नका. सगळ्यांपर्यंत पोचायला २४ तासही लागू शकतात. मी घाईत तीच खोली दुसऱ्यांदा बनवली आणि दुसऱ्या दिवशी यादीत दोन-दोन 'पन्हाळा' दिसू लागले.

पायरी ३: खोलीच्या कॅलेंडरची सेटिंग्ज

आता स्वतःच्या गुगल कॅलेंडरमध्ये 'अदर कॅलेंडर्स'शेजारच्या अधिक चिन्हावरून 'ब्राउझ रिसोर्सेस'मध्ये जा, खोलीवर खूण करा आणि तिची सेटिंग्ज उघडा. निमंत्रण आपोआप स्वीकारण्याच्या पर्यायात 'आधीच्या बुकिंगला धक्का लागत नसेल तरच' असा अर्थ असलेला पर्याय निवडलेला हवा. सगळी निमंत्रणं स्वीकारणारा पर्याय चुकून लागला, तर खोली दोघांनाही हो म्हणेल. म्हणजे पुन्हा पेन आणि पेन्सिल.

त्याच पानावर कुणाला काय दिसावं तेही ठरवा. आम्ही मीटिंगचा विषय सगळ्यांना दिसू देतो, म्हणजे कुणाला विनंती करायची ते कळतं. पगारवाढीच्या किंवा मुलाखतीच्या मीटिंगा मात्र एचआरनं 'प्रायव्हेट' करून ठेवाव्यात.

पायरी ४: लोकांना शिकवा

मीटिंग बनवताना 'मोअर ऑप्शन्स' उघडायचं. उजवीकडे 'गेस्ट्स'शेजारी 'रूम्स' असतं, तिथून खोली निवडायची आणि सेव्ह करायचं. थोड्या वेळानं तीच मीटिंग पुन्हा उघडून खोलीनं हो म्हटलं का ते बघायचं. एवढं लिहून मी सगळ्यांना मेल पाठवली, पण कुणी वाचली नाही. शेवटी प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन त्याच्याच हातानं एकेक बुकिंग करून घेतलं. स्टोअरचे मामा निवृत्तीला आलेत. त्यांनी मोबाइलवरून केलं आणि आता तेच इतरांना दाखवतात.

आणखी एक सोय प्रत्येकानं आपल्या सेटिंग्जमध्ये चालू करावी: 'स्पीडी मीटिंग्ज'. त्यानं अर्ध्या तासाची मीटिंग २५ मिनिटांची आणि तासाची ५० मिनिटांची धरली जाते. मधल्या वेळात चहाचे कप उचलता येतात, फळा पुसता येतो.

दर आठवड्याच्या मीटिंगांना शेवटची तारीख टाकायला लावा. तारीख नसली की माणसाची बदली झाली तरी त्याची मीटिंग खोली अडवून बसते.

आउटलुक असेल तर

ऑफिसचं आउटलुक मायक्रोसॉफ्ट ३६५ या सेवेवर असेल, तर हे काम तिच्या अ‍ॅडमिननं एक्स्चेंज अ‍ॅडमिन सेंटरमध्ये करायचं. ते 'रिसिपियंट्स'खालच्या 'रिसोर्सेस'मध्ये होतं. खोलीच्या मेलबॉक्सला वेगळं लायसन्स विकत घ्यावं लागत नाही. मुळात १८० दिवस आधीपर्यंत आणि सलग २४ तासांपर्यंत बुकिंगची मुभा असते. आपल्या ठरलेल्या नियमाप्रमाणे दोन्ही आकडे कमी करा. कामाच्या वेळेपुरतंच बुकिंग ठेवणार असाल, तर खोलीचा टाइम झोन भारताचा आहे ना ते तपासा. खोलीच्या कॅलेंडरवर विषयाच्या जागी बुकिंग करणाऱ्याचं नाव दिसलं तर ती चूक नाही, मूळ सेटिंगच तसं असतं.

साधं जीमेल असेल तर

फुकटच्या जीमेल खात्यावर खोली अशी नोंदवता येत नाही. खोलीच्या नावानं वेगळं कॅलेंडर बनवून सगळ्यांना बदल करण्याचा अधिकार देता येतो, पण ते एकाच वेळेची दोन बुकिंगं अडवत नाही. पाच-सात जणांच्या ऑफिसात चालून जातं. त्यापेक्षा माणसं जास्त असतील तर रोज सकाळी कॅलेंडर बघणारा एक माणूस नेमा.

आणि ज्या दिवशी कॅलेंडर चालू होईल, त्याच दिवशी रजिस्टर उचला. आम्ही ते "राहू दे, असावं" म्हणून आठ दिवस ठेवलं, तर निम्मं बुकिंग तिकडे आणि निम्मं इकडे. आधी त्यातल्या पुढच्या तारखांच्या नोंदी स्वतः कॅलेंडरवर चढवा, ज्याचं नाव असेल त्याला विचारून, आणि मग ते कपाटात ठेवून द्या.