ग्रीनस्लीव्हज गिटारवर बसवताय? मग हे आधी वाचा

क्लासिकल गिटार शिकायला लागलात की ग्रीनस्लीव्हज हे जुनं इंग्रजी गाणं आज ना उद्या समोर येणारच, आणि नवीन माणूस ते हमखास रडवेलं करून वाजवतो. तसं करू नका राव! १५८० साली लंडनमध्ये याची गाणं म्हणून नोंद झाली, पण चाल नाचालाही चालली, शेक्सपिअरच्या नाटकातला फॉल्स्टाफसुद्धा आभाळाला याच चालीवर गडगडायला सांगतो. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने रचली वगैरे जे सांगतात ते सोडून द्या, खालचा बासचा (म्हणजे चालीखालच्या जाड सुरांचा) साचा इटलीकडचा आणि तो इंग्लंडात रुजला तो हेन्री गेल्यानंतर.

हा बासच खरा अभ्यास आहे. ए मायनरमध्ये पहिला भाग साधारण ए मायनर, जी, ए मायनर, ई असा उतरतो (याला पासामेझो आंतिको म्हणतात), आणि दुसरा भाग सी वरून सुरू होतो, त्या साच्याचं नाव रोमानेस्का. आमच्या सरांनी कितीतरी दिवस मेलडीला (वरच्या चालीला) हातच लावू दिला नाही, नुसता अंगठ्याने बास, तेव्हा वैताग यायचा पण नंतर कुठे हरवलो तरी बास ऐकून परत जागेवर येता येतं.

ज्यांचा कान आपल्या गाण्यावर तयार झालाय त्यांच्यासाठी सांगतो, ए ला सा धरा, मग सुरुवात सा, कोमल ग, म, प, ध, प अशी येते, आणि वाद सगळा त्या ध चा. शुद्ध घेतला (एफ शार्प) तर काफीसारखा रंग, कोमल घेतला (साधा एफ) तर आसावरीकडे झुकतं. दोन्ही प्रकार छापलेले मिळतात, परीक्षेला मात्र समोरच्या कागदावर जो असेल तोच. मला शुद्ध आवडतो, कोमल धैवताने परत ते रडणं सुरू होतं. नी सुद्धा दोन्ही आहेत, ओळ संपताना शुद्ध.

ताल सहा-आठ, तीन-तीन मात्रा, म्हणून दादरा समजून धरला तरी बिघडत नाही, फक्त पहिला सा समेच्या आधीच्या मात्रेवर आहे आणि सम कोमल ग वर. हे चुकलं की सगळं लंगडतं. पायाने ठोका द्या, मेट्रोनोम (लय मोजणारं यंत्र) नंतर.

थोडा हात बसला की जुना इंग्रज संगीतकार फ्रान्सिस कटिंग याची ल्यूटची (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) मांडणी बघा. तिसरी तार अर्ध्या सुराने उतरवून एफ शार्प करायची, तिसऱ्या फ्रेटवर (पट्टीवर) कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावायचा, की गिटार ल्यूटच्या सुरात येते. मूळ टॅबमध्ये (कुठली तार कुठे दाबायची ते दाखवणाऱ्या लिपीत) आकड्यांऐवजी अक्षरं असतात, ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला फ्रेट, आठवड्याभरात डोळ्याला सवय होते. त्यात तोच भाग परत आला की सूर तोडून बारीक केलेले दिसतील. ते पाठ झाले की स्वतःचे बनवायला लागा, बास तोच ठेवून.