शून्य की रिकामा रकाना? साथीतला धोका जोखताना या चुका टाळा

साथीची खबर आली की २४ ते ४८ तासांत ‘धोका किती?’ याचं उत्तर हवं असतं. घाई मला समजते. पण त्या घाईत त्याच त्या चुका बघून आता वीट आलाय.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे आरोग्य केंद्रांच्या रुग्णसंख्येच्या तक्त्यात रिकाम्या रकान्यात शून्य भरणं. अहवाल आला आणि रुग्ण नाहीत, ते शून्य. अहवालच आला नाही, त्याला शून्य कसं म्हणायचं? जुलाबाच्या एका साथीत मी स्वतःच हा उद्योग केलाय. तक्ता भरलेला दिसावा म्हणून रात्री तीन मोकळ्या रकान्यांत शून्य टाकलं. नकाशावर ते भाग हिरवे झाले आणि ओआरएसची पाकिटं, सलाइन सगळं दुसरीकडे गेलं. दोन दिवसांनी कळलं, त्यातल्या एका केंद्रावर अहवाल भरणारा माणूस स्वतःच सलाइनच्या बाटल्या धरून उभा होता. रुग्ण इतके, की आकडे पाठवायला हात मोकळा नव्हता. तेव्हापासून मोकळा रकाना मी मोकळाच ठेवतो आणि पहिला फोन तिथे लावतो.

दुसरी चूक, आलेखाचं शेपूट बघून ‘साथ ओसरली’ म्हणणं. लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेने आलेख काढला की शेवटचे काही दिवस खाली दिसणारच. माणूस आधी दोन दिवस अंगावर काढतो, मग तपासणी, मग नोंद. हे आकडे अजून अपुरे आहेत हे लक्षात राहावं म्हणून त्या भागावर मी पेन्सिलने रेघोट्या मारून ठेवतो. नोंदीच्या तारखेने काढलात, तर प्रयोगशाळेने तुंबलेले नमुने ज्या दिवशी उरकले तोच दिवस शिखर ठरतो.

मृत्युदर, म्हणजे रुग्णांपैकी किती दगावले, हे काढताना छेदात, म्हणजे एकूण रुग्णांत, कोण आलेलं नाही ते बघा. २००९ मध्ये मेक्सिकोत एच१एन१च्या (स्वाइन फ्लूच्या) सुरुवातीला मुख्यतः गंभीर रुग्णच मोजले जात होते, त्यामुळे आजार होता त्यापेक्षा फार जीवघेणा वाटला.

‘धोका मध्यम’ एवढंच लिहू नका. कुणाला, कुठे, किती दिवसांत?

शक्यता आणि परिणामाला एक ते पाच गुण देऊन गुणाकार करणं नव्यांना फार आवडतं. घरोघरी सर्दी, पाच गुणिले एक. क्वचित होणारा पण जीव घेणारा संसर्ग, एक गुणिले पाच. दोन्हीकडे पाचच! मी गुणाकार करत नाही, दोन वाक्यं लिहितो: एक शक्यतेबद्दल, एक परिणामाबद्दल. खाली तारीख, वेळ आणि काय कळलं तर हा कागद फाडायचा, ती एक ओळ.