फँटसीतले तर्कदोष शोधताय? आधी या चुका टाळा

फँटसी कादंबरीतल्या युक्तिवादांवर लिहायचं ठरलं की पहिला मोह होतो तो तर्कदोषांची यादी शेजारी ठेवून पानं चाळण्याचा. इथे व्यक्तीवर हल्ला (मुद्दा सोडून माणसावर टीका), तिथे घसरगुंडी (एक पाऊल टाकलं की थेट खड्ड्यात, असं भाकीत), पुढच्या पानावर खोटा पेच (दोनच पर्याय आहेत असा आव). लेबलं लावत गेलं की दोषांचा ढीग पडतो, पण लेख भुसभुशीतच राहतो. सुट्या वाक्याकडे बघून तर्कदोष ठरत नाही. कोण बोलतंय, कुणाशी, त्या क्षणी त्याला काय माहीत आहे आणि त्याच्या जगात काय शक्य आहे, हे सगळं धरूनच तो ठरवावा लागतो. निबंधांत, परीक्षणांत आणि वाचनगटांच्या चर्चांत नेमकं हेच सुटतं.

शेवट खरा निघाला म्हणून युक्तिवादाला पैकीच्या पैकी गुण देणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सरावलेले वाचकही ती करतात.

सी. एस. लुईसच्या १९५० सालच्या नार्नियाच्या पुस्तकात धाकटी लूसी सांगते की कपाटापलीकडे एक देश आहे. मोठी भावंडं प्राध्यापकांकडे जातात. ते म्हणतात, तीनच शक्यता आहेत: ती खोटं बोलते, तिला वेड लागलंय किंवा ती खरं सांगते. ती खोटं बोलणारी नाही, वेडी तर दिसतच नाही. तेव्हा आणखी काही पुरावा मिळेपर्यंत ती खरं बोलते असं धरून चाला. एकेक पर्याय खोडत जाण्याची रीत बिनचूक आहे. भोक आहे ते पहिल्याच वाक्यात: शक्यता तीनच कशावरून? तिला स्वप्न पडलं असेल, खेळता खेळता तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं असेल, काहीतरी चुकीचं दिसलं असेल. प्रामाणिक माणूसही चुकतो. हिरण्यकश्यपूचा वर आठवा. घरात नाही नि बाहेर नाही, दिवसा नाही नि रात्री नाही, माणसाकडून नाही नि पशूकडून नाही. उंबरठा, सांजवेळ आणि नृसिंह त्याच्या यादीत आलेच नाहीत. प्राध्यापकांची यादीही तशीच अपुरी आहे. पण पुढे नार्निया खरोखर निघतं आणि वाचक त्यांचा युक्तिवाद निर्दोष ठरवून मोकळे होतात.

याच्या शेजारी हॅरी पॉटर मालिकेचा सातवा भाग (२००७) ठेवा. मेलेल्यांना परत आणणारा पुनरुत्थानाचा खडा खरा आहे असं झेनोफिलियस लव्हगुड या जादूगाराचं म्हणणं. हॅरीची मैत्रीण हर्मायनी शंका घेते तेव्हा तो उलट तिलाच म्हणतो, नाही हे सिद्ध कर. तिचा आक्षेप रास्त आहे: अमुक नाही हे कुणी सिद्ध केलं नाही, एवढ्यावर ते आहे असं मानायचं ठरवलं तर कशालाही खरं म्हणता येईल. पुराव्याचं ओझं दावा करणाऱ्यावर असतं. तो खडा मात्र पुढे खरा निघतो! म्हणजे एकीकडे गळका युक्तिवाद सत्याला पोचला, दुसरीकडे चोख आक्षेप घेणारी व्यक्ती खड्याबाबत चुकली. कथानक पात्राला न्याय देईल, त्याच्या तर्काला देईलच असं नाही.

उपाय सोपा आहे, फक्त शिस्त लागते. युक्तिवाद जिथे येतो त्या पानावर थांबा. त्या पानापर्यंत त्या पात्राला जे माहीत आहे तेवढंच कागदावर लिहा आणि तेवढ्यावरूनच निकाल द्या. पुस्तक संपल्यावर टीप जोडायला हरकत नाही, पण आधीचा निकाल खोडायचा नाही.

तिथल्या जगाचे नियम विसरणं

युक्तिवादाला दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात: गृहीतकं खरी आहेत का, आणि त्यांतून निष्कर्ष खरोखर निघतो का? फँटसीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या जगाच्या नियमांप्रमाणे द्यावं लागतं, दुसऱ्याचं नेहमीच्याच तर्कशास्त्राप्रमाणे. हे दोन्ही एकमेकांत मिसळले की भलतीच लेबलं लागतात.

टोल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली सत्तेची अंगठी घ्या. ती जवळ असलेला फ्रोडो ती जादूगार गँडाल्फला देऊ करतो तेव्हा गँडाल्फ मागे सरतो: दयेपोटी, चांगलं करण्याच्या इच्छेपोटी ती हाती घेतली तरी ती आपला ताबा घेईल, ही त्याची भीती. यावर ‘घसरगुंडीचा तर्कदोष’ असा शेरा हमखास येतो. पण घसरगुंडी दोष ठरते ती पायऱ्या नुसत्या कल्पिलेल्या असतील तेव्हा. इथे इसिल्डूर, गॉलम आणि बिल्बो या अंगठीच्या आधीच्या धारकांची तीन उदाहरणं समोर आहेत, अंगठी माणसाला कशी पोखरते तेही कळलेलं आहे. हा अनुभवावरून काढलेला अंदाज झाला. खरा दोष मिनास टिरिथ नगरीचा योद्धा बोरोमिर याच्या बोलण्यात आहे: आम्ही मिनास टिरिथची माणसं सच्च्या मनाची, आम्हाला जादूगारांसारखी सत्ता नको, फक्त स्वतःच्या रक्षणापुरतं बळ हवं. नियम सगळ्यांना लागू, फक्त आपल्याला नाही! कारण न देता मागितलेली ही सूट आहे. बोरोमिर कळवळून बोलतो, म्हणून ती नजरेतून निसटते.

‘व्यक्तीवर हल्ला’ हे लेबल लावण्यापूर्वीही हेच तपासा. समोरचा युक्तिवाद मांडत असेल तर त्याच्या चारित्र्याचा संबंध नाही. पण तो नुसती साक्ष देत असेल, ‘मी पाहिलं, माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणत असेल, तर तो खोटारडा आहे का हा प्रश्न रास्तच आहे.

मन वळवणारी भाषा म्हणजेच तर्कदोष असं समजणं

ॲरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि खुद्द युक्तिवाद. पहिली दोन वापरली म्हणजे तिसरं बिघडलं असं होत नाही. उलट कसलेला वक्ता खरी कारणं, गोड शब्द आणि एखादी लबाडी यांची अशी सरमिसळ करतो की धागे वेगळे काढावे लागतात.

त्याच कादंबरीच्या दुसऱ्या खंडात, ‘द टू टॉवर्स’ (१९५४) मध्ये, फितूर जादूगार सारुमानच्या आवाजावर एक अख्खं प्रकरण आहे. थेओडेन राजाच्या राज्यावर चाल करून हरलेला सारुमान त्यात राजालाच वळवू पाहतो. ‘ही तर जादू’ म्हणून बरेच जण ते सोडून देतात. १९५८ सालच्या एका पत्रात टोल्कीनने स्पष्ट केलं आहे की तो आवाज संमोहन करणारा नव्हे, पटवून देणारा होता. ऐकणाऱ्याला गुंगी येण्याचा धोका नव्हता, धोका होता तो पूर्ण शुद्धीत असताना त्याचं म्हणणं मान्य करून बसण्याचा. म्हणजे त्या भाषणाची चिरफाड करता येते, आणि करायलाच हवी.

वहीच्या पानावर तीन रकाने पाडा: दावा, त्यामागचं कारण, आणि कारण नसताना परिणाम करणारं सगळं. आता वाचा. राजाच्या बाजूचा बुटका गिमली मध्येच बोलतो तेव्हा त्याच्या आक्षेपाला उत्तर मिळत नाही. तुझं घर लांब, इथल्या कटकटींशी तुझा संबंध थोडा, असं म्हणून त्याला परका ठरवलं जातं. हा तिसरा रकाना. मग खुनाच्या आरोपावर येणारा प्रश्न: लढाईत शूर माणसं पडली म्हणून मी खुनी, तर इतक्या लढाया लढलेलं तुमचं राजघराणंही खुनीच ना? दुसऱ्या रकान्यात पहिल्यांदाच काहीतरी आलं, आणि ते सदोष आहे. आरोप चाल करून जाण्याचा होता. सारुमानने तो ‘लढाईत माणसं मरणं’ इतका पसरट केला आणि मग दोघांना एकाच तागडीत बसवलं. त्यानंतर तो शांततेची, मैत्रीची विचारणा करतो.

थेओडेन राजाचं उत्तर बारकाईने बघण्यासारखं आहे. तो तर्कदोषाचं नाव घेत नाही, पसरट शब्द पुन्हा नेमके करतो. तुझी लढाई न्याय्य होती असं घटकाभर मानलं, तरी माझ्या राज्यातल्या वेस्टफोल्डमध्ये लावलेल्या आगी आणि तिथे मरून पडलेली मुलं यांचं काय? माझा माणूस हामा मेल्यावर त्याच्या प्रेताचे तुकडे केले त्याचं काय? विश्लेषण करताना हेच तंत्र वापरा: भाषणातल्या प्रत्येक भाववाचक नामाच्या जागी त्या गोष्टीत प्रत्यक्ष घडलेली घटना ठेवून वाक्य पुन्हा वाचा. वाक्य टिकलं तर युक्तिवाद होता, कोसळलं तर नुसता आवाज होता.

मिळतंजुळतं दिसलं की तत्त्वज्ञाचं नाव चिकटवणं

अदृश्य करणारी अंगठी दिसली की प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधली गायगीजची अंगठी आलीच. साम्य आहे, पण प्रश्न वेगळे आहेत. कुणी पाहणारच नसेल तर माणूस न्यायाने का वागेल, हा गायगीजच्या गोष्टीतला प्रश्न. तिथली अंगठी मुकी वस्तू आहे. टोल्कीनच्या अंगठीला स्वतःचा कल आहे आणि गँडाल्फला लपून गुन्हे करायचे नसतात, त्याला मोह पडतो तो उघडपणे भलं करण्याचा. लेखात साम्य एका वाक्यात उरका, उरलेला परिच्छेद फरकाला द्या.

वेताळाच्या गोष्टींबाबतही हेच. बायको घाईत नवऱ्याचं आणि भावाचं छाटलेलं मस्तक एकमेकांच्या धडांवर बसवते आणि दोघे जिवंत होतात. आता तिचा नवरा कोणता? नवऱ्याचं मस्तक ज्या धडावर तो, असं विक्रम राजा सांगतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ मध्ये राजपुत्राची जाणीव चांभाराच्या शरीरात घालून व्यक्तीची ओळख कशावर ठरते हा प्रश्न उभा केला. तेव्हा ‘राजाने लॉकच्या आधीच लॉक सांगितला’ असं लिहावंसं वाटतं. दोघांची उत्तरं जुळतील, कारणं जुळत नाहीत. वेताळाच्या गोष्टी ज्यात येतात त्या ‘कथासरित्सागरा’तलं कारण असं की मस्तक अवयवांत प्रधान आणि माणूस ओळखू येतो तो त्यावरून. ही बाहेरच्यांना पटणारी ओळख झाली. लॉकची ओळख आतली, माणसाला स्वतःला असलेल्या जाणिवेची. तत्त्वज्ञानात निकालापेक्षा कारण मोठं, म्हणून तुलना कारणांची करा.

पात्राचं मत लेखकाच्या तोंडी घालणं

खलनायक ‘चांगलं-वाईट असं काही नसतं’ म्हणाला म्हणून पुस्तकाचं तत्त्वज्ञान ते होत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ‘लेखकाच्या मते’ हे दोन शब्द घाईत लिहिले जातातच. छपाईआधी ते शोधून काढा.

अनुवादाच्या शब्दांवरून शब्दच्छल ठरवणं

वाक्छलाचं, म्हणजे शब्दाच्या दुसऱ्याच अर्थावर बोट ठेवून समोरच्याला खोडण्याचं, न्यायशास्त्रातलं (भारतीय तर्कशास्त्रातलं) जुनं उदाहरण ‘नवकंबल’: एकजण म्हणतो याचं कांबळं नवं आहे, दुसरा म्हणतो नऊ कुठे आहेत, एकच तर आहे. हा छल ‘नव’ या शब्दावर उभा आहे. भाषा बदलली की तो मोडतो. टोल्कीनच्याच कादंबरीतला शत्रूचा सरदार विच-किंग म्हणतो की कुठलाही जिवंत ‘मॅन’ त्याला अडवू शकत नाही, आणि समोर एओविन ही स्त्री उभी असते. इंग्रजी शब्दात माणूस आणि पुरुष दोन्ही अर्थ आहेत, मराठीत एक निवडावा लागतो. ‘पुरुष’ लिहिलं की गुपित आधीच फुटतं, ‘माणूस’ लिहिलं की एओविनचं उत्तर लागू पडत नाही. अनुवाद वाचून ‘इथे तर्क फसला’ असं लिहिणाऱ्याने आधी मूळ वाक्य बघावं.

कधी मराठीत उलट जास्त दिसतं. गँडाल्फला फितवताना सारुमान इंग्रजीत ‘वुई’ म्हणत राहतो: सत्ता ‘वुई’ला हवी, ज्ञानी लोकांनाच दिसणाऱ्या भल्यासाठी. मराठीत इथे ‘आपण’ की ‘आम्ही’ हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘आम्ही’ लिहिलं तर ती घोषणा होते, ‘आपण’ लिहिलं तर आमिष. सारुमानला अर्थातच ‘आपण’ हवं आहे. मूळ भाषण मराठीत उतरवताना अशा प्रत्येक ‘वुई’खाली रेघ मारा आणि त्यात नक्की कोण कोण धरलं आहे ते समासात लिहा.