आधी विचारा, मग दुरुस्त करा: प्रोग्रामरांनी या चुका टाळाव्यात

प्रोग्राममध्ये बग (दोष) आला की अनुभवी प्रोग्रामर तो आधी आपल्या मशीनवर तसाच घडवून पाहतो. न पाहता केलेली दुरुस्ती टिकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. माणसांशी वागताना मात्र ही शिस्त गळून पडते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं-मुली पुण्या-बंगळुरूच्या टीमसाठी घरून काम करतात, तेव्हा आत कोड रिव्ह्यू (सहकाऱ्याने लिहिलेला कोड तपासणं) चालू असतो आणि दाराशी आई मोबाईल घेऊन उभी असते. दोन्हीकडे होणाऱ्या चुका एकाच जातीच्या असतात.

फोन हातातून काढून घेणे

"ओटीपी येईना झालाय बघ," असं आई म्हणते. आपण फोन घेतो, चार ठिकाणी दाबतो, परत देतो. काम होतं, पण ती कुठे अडली ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. फोन तिच्याच हातात राहू द्या. "शेवटी काय दिसलं?" एवढंच विचारा आणि गप्प बसून तिचं बोट कुठे जातं ते पाहा. पुष्कळदा ओटीपी आलेला असतो. चष्मा शोधून, मेसेज उघडून, आकडे पाठ करून ती परत येईपर्यंत त्याची मुदत संपते, नाहीतर ॲप पहिल्या पानावर गेलेलं असतं. कधी अक्षरं मोठी केल्यामुळे 'पुढे' हे बटण कीबोर्डखाली दडलेलं असतं. हा दोष तिचा नव्हे, स्क्रीन बनवणाऱ्याचा.

म्हणून आपलं ॲप फोनची अक्षरं सर्वांत मोठी करून चालवून पाहा. बटणाची जागा निदान ४८ डीपी (अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) ठेवा, ओटीपीची मुदत वाढवा आणि मेसेज पाहून परत आल्यावर भरलेली माहिती तशीच राहील असं करा.

भाषेवरून माणूस ठरवणे

मराठी निवडली की राज्याच्या रकान्यात 'महाराष्ट्र' भरून टाकणारा फॉर्म सीमाभागात हमखास नडतो. बेळगावातल्या शहापूरच्या माणसाच्या घरात मराठी, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये आणि पत्ता कर्नाटकाचा. भाषा आणि राज्य हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते वेगवेगळेच विचारा. 'आडनाव' सक्तीचं करू नका. कन्नड शेजाऱ्याच्या नावापुढे अनेकदा नुसती आद्याक्षरं असतात. त्यापेक्षा 'पूर्ण नाव' हा एकच रकाना बरा.

यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं संगणकात साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरी आणि कन्नड लिपीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट (साठवणीचं एकक) लागतात. काना, वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजले तर 'क्षीरसागर' मध्ये ९ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. रकाना २० बाइटचा असेल तर नाव मधेच तुटतं आणि स्वतःचं तुटलेलं नाव वाचणाऱ्याला ते लागतं. एसएमएसचंही तसंच: इंग्रजीत १६० अक्षरं मावतात, मराठीत किंवा कन्नडमध्ये ७०च. मजकूर आधी मराठीत लिहा, मग आखणी करा.

रिव्ह्यूत निकाल देणे

"हे असं का केलंय?" एवढीच कमेंट वाचणाऱ्याला आरोपासारखी लागते, कारण तिथे आवाज ऐकू येत नाही. त्याऐवजी कधी बिघडेल, काय होईल आणि काय करता येईल, हे तिन्ही लिहा: "यादी रिकामी आली तर पहिला घटक वाचताना इथे क्रॅश होईल. वरती लांबी तपासून घेऊया का?" कमेंटच्या सुरुवातीला 'आवश्यक' किंवा 'सुचवणी' लिहिलं की नवख्याची झोप उडत नाही. गिट ब्लेम (कोणती ओळ कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) लावून नाव शोधण्याआधी त्या बदलाचा कमिट मेसेज, म्हणजे बदलासोबत लिहिलेली टीप, वाचा. विचित्र दिसणाऱ्या ओळीमागे जुनी खरी अडचण असू शकते. दोन फेऱ्यांत मिटलं नाही तर लिहिणं थांबवा आणि फोन करा. आणखी एक: आपल्याकडच्या अनेकांची इंग्रजी ही तिसरी भाषा आहे. तुटक उत्तर म्हणजे उद्धटपणा, असं धरून चालू नका.

न मागता उपाय सांगणे

बायको शाळेतून येऊन सांगते, मुख्याध्यापक सगळ्यांसमोर बोलले. लगेच "लेखी तक्रार दे" म्हणू नका. "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" असं विचारा. पहिल्यांदा अवघडल्यासारखं वाटेल, तरी विचारा.

आणि बिल्ड, म्हणजे कोडपासून ॲप तयार होणं, चालू असताना 'पाच मिनिटं' म्हणून तासभर बसू नका. "साडेआठला बिल्ड संपेल, मग जेवू," अशी खरी वेळ सांगा. बिल्ड लांबला तर साडेआठला उठून तेवढं सांगून या.