जांभळाची जिंजर बीअर, नागपूरच्या उकाड्यात

नावात बीअर आहे म्हणून हुरळू नका. यात बार्ली नाही की बीअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं नाहीत. अद्रक, साखर, लिंबू आणि जांभूळ, एवढंच. वर फेस येतो, नाकात झिणझिण्या येतात आणि घसा गार होतो. खरी बीअर घरी करायची तर १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा येतो. परवान्याशिवाय दारू बनवणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. आमच्या सासूबाईंना तो कायदा तोंडपाठ असावा. ओट्यावरची बरणी पहिल्यांदा बुडबुडली तेव्हा त्यांनी पदर सावरत विचारलं होतं, "काऊन वं, दारू गाळून राह्यली काय?"

मे महिन्यात या भानगडीत पडू नका. पारा ४५ वर असताना कूलरसमोर माणसाचा जीव लागत नाही, तिथे फेस आणणाऱ्या यीस्टचं काय घेऊन बसलात! मृगाचे दोन-चार शिडकावे होऊ द्या. गोकुळपेठच्या बाजारात जांभळाच्या टोपल्या दिसू लागल्या की सुरुवात करा.

आधी विरजण. बोटभर अद्रक घ्या, माती लागलेलं असलं तर उत्तम. नुसतं धुवायचं, सोलायचं नाही, कारण आपल्याला हवं ते यीस्ट सालीवरच असतं. उकळून पूर्ण गार केलेलं अर्धा लिटर पाणी काचेच्या बरणीत ओता, त्यात एक मोठा चमचा किसलेलं अद्रक आणि एक मोठा चमचा साखर घाला, ढवळा, तोंडाला मलमलचं फडकं बांधा. नळाचं पाणी तसंच वापरलं तर क्लोरीन यीस्टला सुस्त करतं. रोज सकाळी चहा ठेवताना तेवढंच अद्रक, तेवढीच साखर. परदेशी कृतींत पाच ते सात दिवस लिहिलेले असतात. आपल्याकडे जूनमध्ये तिसऱ्या दिवशीच बरणीला कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते. वास डोशाच्या पिठासारखा आंबूस हवा. तळाशी पांढरा गाळ बसला तर घाबरू नका. वर केसाळ बुरशी दिसली तर मात्र बरणी सरळ मोरीत रिकामी करा. वरची काढून खालचं वापरण्याची काटकसर इथे नको.

विरजण चढेपर्यंत अर्धा किलो जांभळं धुऊन एक रात्र फ्रीझरमध्ये टाका. गोठताना गराच्या पेशी फुटतात, मग रस भसाभस सुटतो. दुसऱ्या दिवशी ती मऊ पडली की चिमूटभर मीठ घालून हातानेच कुस्करा आणि बिया बाजूला काढा. मिक्सर लावलात तर बिया भरडल्या जाऊन सगळं तुरट होतं. आधीच जांभूळ जीभ ओढतं, त्यात ही भर कशाला? रस गाळून एक वाटीभर बाजूला ठेवा. हात दोन दिवस जांभळे राहतील, त्याची तयारी ठेवा. सकाळी लग्नाला जायचं असेल तर हातमोजे घाला.

आता मोठ्या गंजात दीड लिटर पाणी, १५० ग्रॅम साखर आणि ५० ग्रॅम ठेचलेलं अद्रक दहा मिनिटं उकळा, झाकून ठेवा. अगदी गार होऊ द्या. बोट बुडवून कोमट लागलं तरी थांबा; गरम पाण्यात विरजण टाकलं की यीस्ट मेलं, मग बसा बाटलीकडे बघत. गाळून घेतल्यावर दोन लिंबं पिळा, अर्धा कप गाळलेलं विरजण घाला आणि सर्वांत शेवटी जांभळाचा रस. बीअर बनवणारेही बरेचदा फळ मागाहून, पहिला जोर ओसरल्यावर टाकतात, कारण सुरुवातीच्या धुसमुसळ्या आंबवणीत निघणारा वायू फळाचा वासही सोबत घेऊन जातो. आपण तर उकळीत फळ घालतच नाही. रस लिंबाच्या पाण्यात पडला की गडद जांभळा रंग डोळ्यांदेखत लालसर होत जातो. एवढं बघायला मी मुलीला हमखास हाक मारते.

भरायचं सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत. पाण्याच्या पातळ बाटल्या नकोत, आणि काच तर मुळीच नको. पहिल्या वर्षी मी हौसेनं स्विंग टॉपच्या, म्हणजे तारेच्या खटक्यानं बंद होणाऱ्या बुचाच्या, काचेच्या बाटल्या आणल्या, कृतीत लिहिले तसे तीन दिवस मोजले आणि दुपारी झोपले. धडाम! उठून बघते तर कोठीच्या दारापर्यंत काचा आणि भिंतीवर जांभळाचे शिंतोडे. नशीब, स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. तो डाग चुन्याच्या दोन हातांनीही गेला नाही, आता तिथे कॅलेंडर आहे.

तेव्हापासून मी तास मोजत नाही, बाटली दाबते. वर चार बोटं जागा सोडून बूच घट्ट लावा आणि सावलीत ठेवा. सुरुवातीला बाटली पिकल्या आंब्यासारखी दबते. दर सहा-सात तासांनी दाबून बघा. अंगठा आत जाईनासा झाला की लगेच फ्रीजमध्ये. जूनच्या उकाड्यात हे एका दिवसात होतं, कधी त्याच्याही आधी. बाहेर जास्त राहिली तर साखर संपत जाते आणि अल्कोहोल वाढत जातं. थोडं तर वेळेत काढलं तरी तयार होतंच, म्हणून आमच्या घरी लहान मुलांना आणि गरोदर बाईला मी ही देत नाही, त्यांच्यासाठी साधं जांभळाचं सरबत.

उघडताना बाटली कोपरात उभी करा आणि बूच थोडं थोडं सैल करत सीऽऽ आवाज संपू द्या. घाई केली की अर्धी बाटली ओट्यावर. फ्रीजमध्येही आंबणं मंदगतीनं चालूच असतं, तेव्हा आठवड्यात संपवा आणि मधे एकदा बूच सैल करून हवा काढा.

हिवाळ्यात चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी आली की हीच कृती तिच्यावर चालते. तुरटपणा नसल्यानं मीठ नको, लिंबू एकच पुरे. फक्त डिसेंबरच्या थंडीत बाटली टणक व्हायला तीन-चार दिवस घेते. मी ती फ्रीजच्या डोक्यावर, टॉवेलात गुंडाळून ठेवते आणि येता-जाता दाबून बघते.