सुप्त दगडी सडनिहाय शोधा

कास मऊ, दूध पांढरंशुभ्र, तरी रोज थोडं घटतंय? सुप्त कासदाह (म्हणजेच दगडी, कासेची सूज) असाच बाहेरून न दिसणारा असतो. पंधरवड्यातून एकदा तपासा. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवा. पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर सोडा. गुठळ्या असतील तर तिथेच दिसतात. मग चार सडांचं दूध चार वेगळ्या वाट्यांत घ्या (एकत्र केलं की रोगी सड लपतो!), तेवढंच द्रावण घालून १५-२० सेकंद गोल फिरवा. मिश्रण शेंबडासारखं चिकट झालं, तर त्या सडात पांढऱ्या पेशी वाढल्यात, म्हणजे दगडीची शंका घ्या. नुकत्याच व्यालेल्या किंवा आटत आलेल्या गाईत मात्र ही चाचणी फसवते. वाट्यांतलं दूध फेका. रोगी सड शेवटी पिळा आणि पशुवैद्यकांना दाखवा. घरातली उरलेली औषधाची ट्यूब सडात सोडू नका.