जिप्सम पार्टिशनमधून वायर नेताय? दुसरं बोर्ड मारायच्या आधी वाचा

आमच्या जळगावच्या घरी वरच्या हॉलच्या दोन खोल्या केल्या, मधे जिप्समचं पार्टिशन घातलं, म्हणजे लोखंडी फ्रेम आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्क्रूने मारलेली जिप्समची बोर्डं. विटांच्या भिंतीत झिरी मारून पाईप टाकणारा मिस्तरीच इथे म्हणाला की आत पोकळच आहे, पाईप कशाला, आणि वायर तशीच ओढून टाकली. मे महिन्यात त्या खोलीत कूलर चालू केला की आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) पडायची. आम्ही कूलरची मोटर तपासली, पंप बदलला, काही फरक नाही. शेवटी भिंतीचं बोर्ड उघडलं तर त्याच्या स्क्रूचं टोक न्यूट्रलच्या वायरीत घुसलेलं. फेजमध्ये घुसलं असतं तर लोखंडी फ्रेमच करंटवाली झाली असती हो, आणि त्याच भिंतीला लेकरांचा पलंग.

म्हणून सांगतो, आधी मेन स्विच बंद करा आणि इन्व्हर्टरही बंद करा, लाईट गेली तरी इन्व्हर्टरच्या लाईनीत करंट असतो हे लोक विसरतात, टेस्टर लावून बघितल्याशिवाय हात घालू नका.

एका बाजूचं बोर्ड बसलं, दुसरी बाजू उघडी, तेव्हाच पाईप टाकायचा. साधारण दोन-दोन फुटांवर स्टड (फ्रेमचे पत्र्याचे खांब) उभे असतात आणि त्यांना तयार भोकं असतात, त्यातूनच पाईप न्यायचा. नवीन भोक पाडलंच तर स्टडच्या बरोब्बर मधोमध पाडा, कडा कानशीने घासा आणि रबरी बुश (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) बसवा, कारण पत्र्याची धार वायर ओढताना ब्लेडसारखी सोलते.

मधोमध का, तर हिशोब बघा. बोर्ड 12.5 मिमी, स्क्रू 25 मिमीचा, म्हणजे 12.5 मिमी टोक आत येतं. स्टड 50 मिमीचा असेल आणि 25 चा पाईप मधून नेला तर दोन्हीकडे 12.5 च उरतात, म्हणजे टोक पाईपला टेकलंच. 20 चा पाईप घेतला तर 15 उरतात, मी तोच घेतला.

वायर लाईट-पंख्याला 1.5 स्क्वेअर मिमी, कूलरच्या सॉकेटला 2.5, एसी लावणार असाल तर 4, आणि हिरवी अर्थिंगची वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत गेलीच पाहिजे. आपल्याकडे पाण्याचा कूलर घरोघरी असतो, पत्र्याचा असला तर ओल्या हाताने लागलेला शॉक जीव घेतो, म्हणून 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी टाळू नका भो, तिथे पैसे वाचवायचे नाहीत. जॉईंट पार्टिशनच्या आत कुठेही नको, मारायचाच असेल तर उघडता येईल अशा बॉक्समध्ये. डीबीतलं (मेन स्विच-आरसीसीबीच्या पेटीतलं) कनेक्शन मात्र लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

बोर्ड मारायच्या आधी भिंतीला मोजायची टेप लावून मोबाईलवर फोटो काढा, फरशीपासून पाईप किती इंचावर आहे ते त्यात दिसलं पाहिजे. मी ते आकडे डीबीच्या झाकणाच्या आतून मार्करने लिहून ठेवलेत, परवा टीव्हीचं स्टँड ठोकताना तेच बघून ड्रिल मारलं.